सना शहराचा उरलेला भाग

आमच्या मोहल्ल्यात प्रत्येक घराचा मूळपुरुष अरबस्तानातून आलेला आहे. कुणाचा बसऱ्याहून, कुणाचा येमेनहून, कुणाचा थेट मक्केहून. त्यातला एकही खलाशी म्हणून आला नाही. सगळे सरदार, सौदागर, नाहीतर मोठे विद्वान. मग जहाजं चालवत कोण होतं, असं मी लहानपणी एका लग्नघरात विचारलं, तेव्हा मला आत जाऊन कांदे सोलायला सांगण्यात आलं.

माझे वडील या मूळपुरुषांच्या भानगडीत कधी पडले नाहीत. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. ते रत्नागिरीतल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत. कुणी घराण्याची गोष्ट काढली की ते म्हणत, “तो इतिहासाच्या सरांचा विषय. त्यांचा तास चौथा असतो.”

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. जगातला कोणताही देश सुरू करायचा तो मांडवीच्या जेटीपासून. “जेटीवर उभे राहा. तोंड पश्चिमेला. आता निघा,” असं म्हटलं की सगळा वर्ग आफ्रिकेला निघे. जपानला जायचं असेल तर समुद्राकडे पाठ करून आंबा घाट चढावा लागे. उंचीचं मापही आंबा घाटच. एव्हरेस्ट म्हणजे एकावर एक रचलेले तेरा-चौदा आंबा घाट. फूट आणि मीटर पोरं परीक्षेनंतर विसरतात, एसटीत झालेली उलटी विसरत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

दुसरी रीत घंटेची. तास संपल्याची घंटा झाली की अब्बा ज्या शब्दावर असतील त्या शब्दावर थांबत. ‘नाईल नदी उगम पावते ती व्हिक्टोरिया’ इथपर्यंत आलेले असले तर ‘सरोवरात’ दुसऱ्या दिवशी. मुख्याध्यापकांनी एकदा सुचवून पाहिलं की वाक्य पुरं करायला हरकत नाही. अब्बा म्हणाले, “पुढचा तास गणिताचा आहे. त्यांच्या वेळात माझं सरोवर कशाला?”

अशा माणसाने तीस-पस्तीस वर्षं जगाच्या राजधान्या शिकवल्या आणि स्वतः मुंबईच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

१९९८ साली माझं लग्न झालं. नवरा येमेनच्या राजधानीत, सना शहरात, एका इस्पितळात एक्स-रे काढायचा. मी तिकडे जायला निघाले तेव्हा मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या बायका सल्ला द्यायला आल्या. आमच्याकडच्या निम्म्या घरांतला एकेक पुरुष कुवेत, दुबई, मस्कत असा कुठेतरी होता, त्यामुळे अरबस्तानाविषयी सगळ्यांना सगळं माहीत होतं. तिकडे आग असते. सुती घाल. वाळ्याचं सरबत ने. अम्माने माझ्या ट्रंकेत मलमलीच्या ओढण्या, पातळ चादरी आणि कोकम भरलं.

अब्बा दारात उभे राहून म्हणाले, “सना डोंगरात आहे. साडेतीन आंबा घाट. थंडी पडते.”

“अरबस्तानात कशी थंडी पडेल?” अम्मा म्हणाली. “काय पण सांगताय! दुबईला माझा भाऊ बारा महिने घामाने भिजतो.”

“दुबई समुद्रावर आहे.”

“मग आपण कुठे आहोत? आपल्याला पडते काय थंडी?”

या युक्तिवादापुढे भूगोल हरला आणि मी मलमल घेऊन गेले. डिसेंबरात सनाच्या घराबाहेर बादलीतल्या पाण्यावर सकाळी बर्फाची साय धरली, तेव्हा मी त्या मलमलीच्या तीन ओढण्या एकावर एक गुंडाळून बसले होते.

खरी फजिती तांदळाने केली. मी गावठी उकडा तांदूळ नेला होता आणि कुकर नेला नव्हता, कारण आमच्याकडे पेज टोपातच होते. पहिल्या दिवशी पाणी खळखळा उकळलं, वाफा आल्या, सगळं रीतसर झालं, फक्त दाणा शिजला नाही. अजून पाणी घातलं. अजून तासभर. दाणा तसाच. मला वाटलं तांदूळ जुना, नवऱ्याला वाटलं बायको नवी. टेलिफोन बूथवरून घरी फोन केला तर अम्माच्या हातातून रिसीव्हर घेऊन अब्बाच बोलले, आणि इतके खूश होऊन बोलले की मला राग आला.

“उंचावर हवेचा दाब कमी असतो, बाय. पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही. उकळतंय म्हणून फसू नकोस. आठवीच्या पुस्तकात आहे हे.”

“मग आता काय करू?”

“कुकर घे. पण एकदा झाकण न लावता परत कर आणि किती वेळ लागतो ते मला सांग.”

अब्बा निवृत्त झाले आणि २००१च्या जानेवारीत आमच्याकडे आले. मी विमानतळावर उभी होते. समोरून माझे वडील अर्ध्या बाहीच्या बुशशर्टात, हातात सुक्या मासळीची पिशवी घेऊन कुडकुडत आले. उंची त्यांना तोंडपाठ होती. फक्त रत्नागिरीत स्वेटर मिळतो कुठे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली होती. नवऱ्याने आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला. तो त्यांना गुडघ्यापर्यंत आला. पुढचा महिनाभर ते त्या कोटात सना शहर हिंडले, हात पाठीमागे बांधून, वर्गातल्या बाकांमधून फिरतात तसे.

त्यांना बोलायची हौस फार, पण त्यांचं अरबी नमाजापुरतं. जुन्या शहरात एक म्हातारा मनुके विकायचा. त्याने विचारलं, कुठले? नवऱ्याने दुभाषा होऊन सांगितलं, हिंदुस्तानातले, कोकणातले. आणि आमच्याकडे म्हणतात की आमचे पूर्वज तुमच्याकडून आले, असंही वर जोडलं. म्हातारा अब्बांकडे बघत राहिला, मग नवऱ्याला काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतो?” अब्बांनी विचारलं.

“म्हणतो, हिंदुस्तानातून येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. इतकी माणसं आमच्याकडे कधी नव्हतीच.”

अब्बा त्या बाजारात उभ्या उभ्या इतके हसले की म्हाताऱ्याने त्यांना मूठभर मनुके फुकट दिले.

एका संध्याकाळी आम्ही नवऱ्याच्या सोबत्याच्या घरी गेलो. तिकडची जुनी घरं उभी असतात, पाच-सहा मजल्यांची, आणि सगळ्यांत चांगली खोली सगळ्यांत वर, पाहुण्यांसाठी. अब्बा मजल्यामजल्यावर थांबत, धापा टाकत चढले. वर खिडकीशी बसले. खाली अख्खं शहर. तपकिरी विटांच्या भिंती, प्रत्येक खिडकीला चुन्याची पांढरी किनार, जणू कुणी घाईने पण सफाईने खडूने रेघा ओढल्यात. मधून मधून हिरवे चौकोन. मी वाट पाहत होते की आता ते ‘वा’ म्हणतील. ते म्हणाले, “पाणी कुठून येतं?”

यजमानांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी चहा थंड होऊ दिला. हिरवे चौकोन म्हणजे भाजीचे मळे, आणि बरेचसे मशिदींना लागून. नमाजाआधी लोक वजू करतात, हातपाय धुतात, ते पाणी वाया न घालवता उताराने मळ्यात सोडलेलं. शहर त्या पाण्यावर कांदे आणि मुळे पिकवत आलं होतं. अब्बांनी खिडकीतून वाकून ते चौकोन मोजले. मग मला म्हणाले, “मी पोरांना काय शिकवलं? ‘येमेनची राजधानी, सना.’ एक मार्क.”

२००३मध्ये आम्ही कायमचे परत आलो, आणि पुढच्या हिवाळ्यात वाचनालयाचे कार्यवाह आमच्या घरी आले.

गावात वाचनालयं दोन-तीन आहेत. त्यातल्या एकाची व्याख्यानमाला दर जानेवारीत होते आणि अब्बा तिला माझ्या जन्माआधीपासून जात. तिसरी रांग, कडेची खुर्ची. व्यासपीठावरून त्यांना कधी बोलावणं आलं नव्हतं असं नाही. ईदच्या सुमारास वाचनालयात ‘सर्वधर्मसमभाव’चा कार्यक्रम असला की यायचं. अब्बा नम्रपणे नाही म्हणायचे. त्या व्यासपीठावर डॉक्टर रोगांवर बोलत, वकील कायद्यावर बोलत, प्राध्यापक कशावरही बोलत. आमच्या मोहल्ल्यातला माणूस तिथे चढला तर मुसलमान असण्यावर बोले. अब्बांची एवढीच इच्छा होती की आयुष्यात एकदा तिथे उभं राहावं ते भूगोलासाठी. ते कुणाला सांगत नसत, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

“सर, यंदा तुम्ही,” कार्यवाह म्हणाले. “कार्यकारिणीत एकमत झालं. विषय अगदी तुमच्या आवडीचा घेतलाय. ‘अरब जगत आणि आपले मुस्लिम बांधव.’”

“सना शहरावर बोलेन,” अब्बा म्हणाले. “भूगोल आणि इतिहास.”

“त्यात भूगोल येईलच की, सर.”

“तुमच्या विषयात भूगोल येईल आणि लगेच निघून जाईल.”

“पण लोकांना जरा जिव्हाळ्याचं… म्हणजे आता जगात जे चाललंय… सना म्हटलं तर लोक येतील का?”

“नाही आले तर मला आवाज चढवावा लागणार नाही.”

कार्यवाह गेल्यावर अम्माने कपबशा उचलता उचलता सुनावलं, “बोलावतायत तर गपचूप जायचं. हे भांडतायत! असल्या मानाला नाही म्हणायला वर्षं किती उरलीत?”

“मान नकोय मला. तास हवाय.”

तास मिळाला. सहा ते साडेसात, त्यातला एक तास वक्त्याचा, असं ठरलं. अब्बांनी टेबलावर गजराचं घड्याळ ठेवून माझ्यासमोर तालीम केली. दरवाजातून शहरात शिरायचं, बाजारातून, मशिदीपाशी, जुन्या राजवाड्याच्या जागेवरून डोंगरावर चढायचं आणि वरून सगळं एकदा दाखवून थांबायचं. बरोबर एक तास. मिनिट इकडे तिकडे नाही.

त्या दिवशी सभागृहात गेलो तर पडद्यावर ‘सना: अरब जगताची एक झलक’ असं झळकत होतं. तडजोड कापडावर रंगवून झाली होती. अध्यक्ष म्हणून गावातले एक मोठे गृहस्थ होते. त्यांचा नेमका उद्योग काय हे कुणाला सांगता येत नसे, पण त्यांच्याशिवाय कुठे नारळ फुटत नसे.

प्रथम समई. वरचा पंखा चालू, त्यामुळे एक वात पेटली की दुसरी विझे. पंखा बंद करावा असं सगळ्यांना वाटत होतं, पण बटण कुठलं यावर मतभेद होते. तीनदा दिवे गेले आणि आले. मग स्वागतगीत, पेटी काळी चारमध्ये आणि मुली पांढरी दोनमध्ये. मग खुर्च्या देणगी दिलेल्या कुटुंबाचा सत्कार. कुटुंब मोठं होतं. मग अध्यक्षांना पुढे दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असल्यामुळे त्यांनी समारोप आधीच उरकायचं ठरवलं, म्हणजे जे व्याख्यान अजून झालं नव्हतं त्याचा.

समारोप चांगला अर्धा तास चालला. त्यात शिरखुर्मा आला, बालपणीचा एक मित्र आला, ताबूत आले. “आणि आपले सर!” अध्यक्ष म्हणाले. “मुस्लिम समाजातलं एक आदरणीय व्यक्तिमत्त्व. पण मराठी किती शुद्ध बोलतात बघा!”

माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, “बोलू दिलंत तर कळेल.”

अब्बा टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. मी त्यांचा तो चेहरा ओळखत होते. वर्गात कुणी मूर्खासारखं उत्तर दिलं तर ते रागावत नसत, खिडकीबाहेर बघत. इथे खिडकी नव्हती.

त्यांच्या हाती माईक आला तेव्हा सात वाजून गेले होते. साडेसातला सभागृह सोडायचं होतं, कारण आठला तिथेच कुणाचातरी साखरपुडा होता आणि बाहेर मांडववाले गाद्या घेऊन उभे होते. अब्बांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. शाल, पुष्पगुच्छ, अध्यक्ष, कशाचाही उल्लेख केला नाही.

“मांडवीच्या जेटीवर उभे राहा,” ते म्हणाले. “तोंड पश्चिमेला.”

सभागृहात एक हालचाल झाली. पन्नाशीची माणसं खुर्चीत सरळ होऊन बसली.

“नाकासमोर गेलात तर अरबस्तानाचा दक्षिण किनारा लागतो. आपल्याच अक्षांशावर. जरा डावीकडे सरकलात की येमेन. ही वाट काही मी शोधलेली नाही. आपल्या दाभोळहून शेकडो वर्षं एडनला, मोखाला जहाजं जात. इथून कापड आणि मिरी, तिकडून घोडे. जाताना एक वारा, येताना दुसरा. मोसमी वारा हे त्या काळचं वेळापत्रक. आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांचे पूर्वज त्या जहाजांतून आलेले सरदार आहेत. माझे, मला वाटतं, खलाशी असावेत. कुणीतरी शिडं ओढली असणारच.”

मोहल्ल्यातली मंडळी एका बाजूला बसली होती. सगळ्यांत आधी तीच हसली.

मग त्यांनी आम्हाला किनाऱ्यावरून वर चढवलं. आधी उकाड्याची सपाट पट्टी, आपल्यासारखीच दमट, पण झाडांवाचून. मग डोंगर. डोंगराच्या उतारावर खालपासून वरपर्यंत दगडी बांध घालून केलेली शेतं, जिन्याच्या पायऱ्यांसारखी, आणि त्यात कॉफी. “साऱ्या जगाने कॉफी प्यायला सुरुवात केली ती या पायऱ्यांवरून. बंदर मोखा, म्हणून मोका कॉफी.” आणि चढत चढत साडेतीन आंबा घाट झाले की अचानक सपाट मैदान. दोन्हीकडे डोंगर, मध्ये शहर. “आपल्या राज्यातलं सगळ्यांत उंच टोक कळसूबाई. आपण तिथे दम खातो, फोटो काढतो आणि उतरतो. सना त्याच्याही वर आहे. आणि तिथे माणसं भाजी आणायला जातात.”

इतक्या उंचावर राजधानी का? अब्बांनी प्रश्न टाकला आणि सवयीने सभागृहावर नजर फिरवली. कुणीतरी खरंच खाली बघितलं. “कारण हा रस्त्यातला मुक्काम होता. दक्षिणेतून धूप आणि ऊद घेऊन उंटांचे तांडे उत्तरेला जात. डोंगरात सुरक्षित मैदान, विहिरींना पाणी, वर्षातून दोनदा पाऊस. आपण ज्या वाऱ्याची जूनमध्ये वाट बघतो, त्याच्याच एका काठाचा पाऊस. जिथे तांडे थांबतात तिथे बाजार, जिथे बाजार तिथे जकात, आणि जिथे जकात तिथे राजा.”

त्यांनी आम्हाला दक्षिणेच्या मोठ्या दरवाजातून आत घेतलं. तिथले लोक त्याला बाब अल-यमन, म्हणजे येमेनचा दरवाजा म्हणतात. आत मिठाचा बाजार. आता तिथे मीठ सोडून सगळं मिळतं. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाढव आलं तर कुणी मागे जायचं हे गाढव ठरवतं. घरांचा खालचा भाग काळ्या दगडाचा, वरचा भाजक्या विटांचा. तळमजल्यावर जनावरं आणि धान्य, वर माणसं. खिडकीच्या वर अर्धगोल, त्यात रंगीत काचा. त्याला कमरिया म्हणतात, कमर म्हणजे चंद्र. संध्याकाळी आत दिवा लागला की गल्लीत रंग पडतात.

“तिथले लोक सांगतात, हे शहर नूह पैगंबराच्या मुलाने वसवलं, महापुरानंतर. मी त्याची खात्री देत नाही. मी तेव्हा नव्हतो. पण महापुरातून वाचलेल्या माणसाने इतक्या उंचावर घर बांधावं हे मला समजू शकतं.”

आता सभागृह त्यांचं होतं. दारातले मांडववाले गाद्या खाली ठेवून ऐकत होते.

“इस्लामच्या आधी इथे एक राजवाडा होता. गुमदान. मजल्यावर मजला, असा उंच की त्याची सावली कुठवर जायची यावर कवींची भांडणं. चारी कोपऱ्यांवर पितळेचे सिंह. आतून पोकळ. वारा शिरला की डरकाळी फुटे. आणि सगळ्यांत वरच्या खोलीला, असं सांगतात, की छताला…”

टिंग.

कार्यवाहांच्या समोर ती टेबलावरची घंटी असते, वक्त्याला वेळेची जाणीव करून द्यायला. गेल्या पंचवीस वर्षांत एकाही वक्त्याने तिला जुमानलं नव्हतं. किंबहुना घंटीनंतरच भाषण रंगात येतं असा समज होता.

अब्बांनी घड्याळ खिशात घातलं आणि खाली बसले.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग चौथ्या रांगेतून आवाज आला, “छताला काय, सर?”

“सर, वाक्य तरी पुरं करा,” कार्यवाह अर्धे उठत म्हणाले. “ती घंटी म्हणजे नुसती सूचना…”

“घंटा झाली,” अब्बा म्हणाले. “उरलेला भाग उद्या.”

“उद्या ‘मधुमेह आणि आपण’ आहे हो!”

“मग सकाळी. दहाला. शाळेत, भूगोलाच्या खोलीत.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मी समोरून बघत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. शाळेत त्यांची खोली नव्हती, दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि शाळेला न विचारता त्यांनी भर सभेत तास लावला होता. तोंडातून ते सवयीने निघालं होतं. त्यांचे कान लाल झाले.

मागच्या भिंतीशी उभा असलेला एक माणूस म्हणाला, “किल्ली माझ्याकडे आहे, सर. मीच आता मुख्याध्यापक.” तो त्यांचा जुना विद्यार्थी होता. मग घाईने म्हणाला, “फळा पुसून ठेवतो.”

आम्ही घरी चालत निघालो. अम्मा बुरख्याची टोकं सावरत म्हणाली, “समईला अर्धा तास मिळतो आणि तुम्हाला वाक्य पुरं करता येत नाही. किती वर्षं वाट बघितलीत यासाठी?”

“उद्या कोणी येणार नाही,” अब्बा म्हणाले. “रविवार आहे. लोकांना मासळी आणायची असते.”

“मग मी येईन. छताला काय होतं ते मला पण कळलेलं नाही.”

सकाळी दहाला आम्ही तिघं शाळेत गेलो तेव्हा फाटकाशी स्कुटरी उभ्या होत्या. खोलीत आठवीचे बाक, आणि त्यात बँकेचे निवृत्त अधिकारी, दोन वकील, औषधांच्या दुकानाचे मालक, मोहल्ल्यातली आठ-दहा माणसं, गुडघे कुठे ठेवावेत या विवंचनेत बसलेली. मोहल्ल्यातल्या बायकांनी मागचे दोन बाक अडवले होते. एकीच्या पायाशी पिशवीत खरंच मासळी होती. कार्यवाह सरळ पुढच्या बाकावर होते. समई नव्हती, अध्यक्ष नव्हते, कुणी अब्बांची ओळख करून द्यायला उठलं नाही. तशी गरजच नव्हती. अब्बा आत शिरले आणि ते सगळे बाकांतून खडखडाट करत उभे राहिले.

“बसा,” अब्बा म्हणाले आणि खडू घेतला. “छताला पारदर्शक म्हणावा इतका पातळ दगड बसवलेला होता. राजा खाली आडवा पडून वर बघे आणि वरून उडत गेलेला पक्षी घार आहे की कावळा, हे त्याला कळे. असं सांगतात. वाडा उरलेला नाही, तिथे आता उंचवटा आहे. पण सांगणाऱ्याने घार आणि कावळा असा फरक केलाय, म्हणून माझा थोडा विश्वास बसतो.”

आणि तास सुरू झाला. हबशी राजवटीत तिथे ख्रिस्ती देवळाची मोठी इमारत उठली आणि पडली. तिचे खांब पुढे मोठ्या मशिदीत लागले असं म्हणतात. मशीद इस्लामच्या अगदी पहिल्या दिवसांतली. मग राज्य करणारे इमाम आले, तुर्क आले, गेले, परत आले, परत गेले. “डोंगरातली राजधानी जिंकता येते,” अब्बा म्हणाले, “पण तिथे रसद पोचवत बसावं लागतं. समुद्रावरून आलेला प्रत्येक राजा इथे धापा टाकत पोचला.” बोलता बोलता त्यांचा हात फळ्यावर चालत होता. तटबंदी, दरवाजे, शहरातून जाणारा पावसाळी ओढा, मशिदी आणि त्यांचे मळे, पूर्वेला नुकूम डोंगर, पश्चिमेला एबान. एकदाही पुसलं नाही. मी ते शहर पाच वर्षं पायाखाली घातलं होतं, पण ते एका नजरेत मला पहिल्यांदा दिसलं ते त्या फळ्यावर, आणि माझ्या शेजारी बसलेल्या अम्माने माझ्या मनगटावर हात ठेवला.

शेवटी ते म्हणाले, “प्रश्न?”

कार्यवाह तत्परतेने उठले. “सर, तिथल्या लोकांच्या मनात आपल्या इथल्या मुस्लिम बांधवांविषयी काय भावना…”

“आधी हात वर. मग उभं राहायचं.”

कार्यवाह बसले, हात वर केला आणि पुन्हा उठले. सगळी खोली हसली, तेही हसले.

“मला एका मनुकेवाल्याची भावना माहीत आहे,” अब्बा म्हणाले. “ती तुम्हाला बाहेर सांगतो. ती अभ्यासक्रमात नाही. पुढचा?”

मला भीती वाटली की आता आखातातल्या पगाराचं निघेल, नाहीतर जगात काय चाललंय ते. मग कडेच्या बाकावरून बँकेच्या त्या निवृत्त अधिकाऱ्यांनी हात वर केला. ते फळ्याकडेच बघत होते.

“सर, हा नुकूम पूर्वेला आणि शहर त्याच्या अगदी पायथ्याशी. म्हणजे तिथे सकाळी ऊन उशिरा येत असेल ना?”

अब्बा हातातला खडू तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. साऱ्या प्रवासात, त्या वरच्या खिडकीतसुद्धा, मी त्यांचा चेहरा असा झालेला पाहिला नव्हता.

“येतं,” ते म्हणाले. “उशिराच येतं. पहिलं ऊन पश्चिमेच्या डोंगरावर पडतं, मग मिनारांच्या टोकांवर, मग उंच घरांच्या वरच्या मजल्यांवर. खाली गल्लीत माणसं अजून सावलीत असतात आणि मान वर करून बघतात. थांबा, दाखवतो.”

आणि ते फळ्याकडे वळले, नुकूमच्या उजवीकडे थोडी जागा शिल्लक होती, तिथे त्यांनी सूर्य काढला.